बंद करून राहिलो

माझ्या नोकरीचं नाव आमच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. आई शेजारच्या बायांना सांगते, "पोरगी कंपनीत लोकायले टोप्या घालाले लावते." बाबा कळमन्याच्या धान्यबाजारात हमाल आहेत. तिथे त्यांना कुणी विचारलं तर ते म्हणतात, "साहेब नाही, पण साहेबावानी आहे." कागदावर मी 'प्रशिक्षणार्थी सुरक्षा पर्यवेक्षक' आहे. तीन वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेचे वर्ग करते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे मी जे सांगेन ते घरी खरं मानतात. याची मला कधीकधी भीती वाटते.

कॉलेजच्या या अंकासाठी लिही असं तिथल्या ग्रंथपाल सरांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "सर, असे लेख निवृत्त लोक लिहितात. मला तर अजून कायमसुद्धा केलेलं नाही." सर म्हणाले, "अंक तुझ्या निवृत्तीपर्यंत थांबणार आहे का?" म्हणून लिहिते आहे. नीट जमेल की नाही माहीत नाही.

आमच्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात. संत्र्यांची, औषधांची, साबणाची. कागदाचे मोठे रोल एका बाजूने मशीनमध्ये जातात, वाफेवर तापलेल्या लोखंडी रोलरमधून दाबून त्यांना लाटांसारख्या चुण्या पडतात, डिंक लागतो, आणि दुसऱ्या बाजूने पुठ्ठा बाहेर येतो. दिसायला शांत काम आहे. पण दोन रोलर एकमेकांकडे फिरत असले की त्यांच्यामधली फट माणसाला ओळखत नाही. बाही असो, ओढणी असो, बोट असो, आत घेते.

माझं काम असं की, हे होण्याच्या आधी तिथे पोचायचं. पदविकेच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात 'हॅझर्ड' आणि 'रिस्क' असे दोन शब्द आहेत. मराठीत आपण दोन्हीला धोकाच म्हणतो आणि मी परीक्षेत दोन्हीकडे धोकाच लिहून मार्क घालवले. मग घरी बसून मी बाबांना समजावत स्वतःच समजून घेतलं. म्हटलं, "बाबा, बाजारात धान्याच्या कट्ट्यांची थप्पी वाकडी लागली, तर ती थप्पी म्हणजे हॅझर्ड. अन् तिच्याखाली बसून कोणी डबा खाल्ला, तर ते कट्टे त्याच्या अंगावर पडायचा जो संभव, तो रिस्क. कोणी बसलंच नाही तर थप्पी तशीच वाकडी, पण रिस्क नाही."

बाबांनी विचार केला. म्हणाले, "थप्पीखाली सावली असते म्हणून माणूस बसते. ते कोणत्या धड्यात आहे?"

ते कोणत्याच धड्यात नव्हतं.

दुसरी एक गोष्ट पुस्तकात आहे आणि ती मला फार आवडते. धोक्यावरचे उपाय पायऱ्यांनी लावायचे. जमलं तर धोकाच काढून टाकायचा. नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू आणायची. तेही नाही तर मध्ये जाळी, दार, कुलूप असं काही आडवं घालायचं. त्यानंतर नियम, सूचना, पाट्या. आणि सगळ्यात शेवटी, दुसरं काही उरलंच नाही तर, टोपी, चष्मा, बूट, हातमोजे. म्हणजे आई जे सांगते ते माझ्या कामाचं शेपूट आहे. पण बाहेरून तेवढंच दिसतं, कारण टोपी स्वस्त असते आणि घातलेली लांबून दिसते.

त्या शेपटातही माझा पुष्कळ वेळ जातो. एक जण कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट घालून भावाच्या लग्नाला गेला. सोमवारी आल्याआल्या माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, वरातीत घोडीनं पाय देला माह्या पायावर. काही नाही झालं! हे तुमच्या वहीत लिहू का?" मी म्हटलं, कामाच्या जागेवर झालेलं तेवढंच लिहायचं असतं. तो हिरमुसला. त्या वहीत स्वतःहून काही लिहू पाहणारा तो पहिला माणूस होता, आणि मी त्याला परत पाठवलं.

ती वही म्हणजे 'निअर मिस'ची नोंदवही. अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, अशा घटना तिच्यात लिहायच्या. मी तिच्यावर मराठीत 'थोडक्यात टळलेले अपघात' अशी चिठ्ठी लावली होती. वही वर्षभर कोरी होती. कोरी वही साहेबांना आवडायची, पण शिकताना आम्हाला सांगतात की कोरी वही हे चांगलं लक्षण नाही. आज डोक्याच्या हातभर बाजूला पाना पडला, तर तो पाना उद्या कुठे पडेल हे त्याने सांगून ठेवलं आहे. ते ऐकायला कुणी तरी पाहिजे.

मी हे दौलतकाकांना सांगत होते. दौलतकाका जरीपटक्याहून यायचे. कंत्राटदाराच्या हजेरीवर अकरा वर्षं, वय छप्पन्न. बेलर नावाच्या मशीनच्या पॅनेलवर त्यांची ड्यूटी. कानात घालायचं बूच ते एकाच कानात घालत. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "एका कानानं तुह्यं ऐकतो, एका कानानं मशीनचं." मी नियम सांगितला. त्याच आठवड्यात त्यांनी नुसत्या आवाजावरून पंपाची बेअरिंग जाणार असं सांगितलं, आणि उघडून पाहिली तर ती खरंच गेलेली होती. तेव्हापासून मी त्यांच्या दुसऱ्या कानाबद्दल जरा हळू आवाजात बोलायला लागले.

वहीबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. "वाचलो तं लिहू काहून? मेलो असतो तं तुम्हीच लिहिलं असतं ना."

आता ज्या घटनेसाठी हा लेख लिहिते आहे ती सांगते. त्यासाठी बेलर काय असतो ते आधी सांगायला हवं. पुठ्ठा कापल्यावर ज्या पट्ट्या आणि कतरण उरते ती एका फिरत्या पट्ट्यावरून वाहत एका लोखंडी पेटीत पडते. पेटीच्या एका बाजूने जाड लोखंडी पाट पुढे येतो आणि सगळी कतरण दाबून तिचा गठ्ठा करतो. त्या पाटामागे तेलाच्या दाबाची ताकद असते. कधीकधी लांब पट्ट्या पेटीच्या तोंडाशी अडकतात. मग बाजूचं छोटं दार उघडून, पाय आत टाकून त्या ओढून काढाव्या लागतात. पॅनेल मात्र भिंतीच्या पलीकडे आहे. पेटीजवळ उभ्या माणसाला पॅनेल दिसत नाही आणि पॅनेलवाल्याला पेटी दिसत नाही. मध्ये असतो तो वॉकीटॉकी.

तेव्हा साळुंखे नावाचे फिटर नुकतेच आमच्याकडे बदलून आले होते. मूळचे कराडकडचे, कामाला चोख. पण आमचं बोलणं त्यांना नवं होतं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्यांना "कायले घाबरून राहिले गा?" असं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "घाबरून राह्यलो न्हाई, आत्ताच आलोय." सगळे हसले. मीही हसले. हे हसणं मी वहीत लिहायला हवं होतं, असं आता वाटतं.

दुसरी पाळी नुकतीच सुरू झाली होती. बेलर अडकला. साळुंखे आले, मी शेजारीच होते म्हणून वॉकीटॉकी माझ्या हातात होता. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "बाई, बंद झालं का बघा."

मी वॉकीटॉकीत विचारलं, "काका, बंद केलं का?"

पलीकडून काकांचा आवाज आला, "बंद करून राहिलो."

मशीनचा आवाज होता. साळुंख्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उचलली. आणि मी म्हटलं, "हो, बंद करून राहिले."

नागपूरकडच्या वाचकांना यात काही विशेष वाटणार नाही. 'बंद करून राहिले' म्हणजे बंद करत आहेत, काम चालू आहे, अजून झालं नाही. आम्ही जेवून राहिलो म्हणतो तेव्हा घास तोंडात असतो. पण साळुंख्यांच्या कानाला त्याचा अर्थ असा लागला की, बंद करून झालं आणि काका तिथेच उभे राहिले आहेत. त्यावर माझं 'हो'. तो 'हो' मी 'ऐकू आलं' या अर्थाने म्हटला होता. त्यांना तो 'या आत' असा ऐकू आला.

त्यांनी उजवा पाय आत टाकला. काका पलीकडे सगळं बरोबरच करत होते. आधी आपोआप चालणारा फेरा थांबवायचा, मग पंप, मग मुख्य स्विच, मग कुलूप. पण ते पहिल्या पायरीवर पोचायच्या आतच मशीनने आपला राहिलेला फेरा सुरू केला. पाट पुढे आला. साळुंखे ओरडले नाहीत. ते नुसते मागे पडले, आणि मोजा घातलेला पाय बाहेर आला. बूट आत राहिला. पाट थांबल्यावर आम्ही तो काढला तेव्हा त्याचं लोखंडी टोक चपटं झालेलं होतं.

त्या दिवशी पाळीवर आल्याआल्याच मी साळुंख्यांना बुटाची नाडी बांधली नाही म्हणून बोलले होते. त्यांनी नंतरही बांधली नव्हती. बांधलेली असती तर पाय बुटाबरोबर आत राहिला असता. हेही मी पुढे अहवालात लिहिलं, कारण ते खरं होतं. त्यावरून काय शिकायचं ते मला अजून कळलेलं नाही.

भोयर साहेब आमचे वर्क्स मॅनेजर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणाले लागलं?"

"नाही, सर."

"मंग?"

एरवी गोष्ट तिथेच संपली असती. पण चपट्या बुटाचा फोटो तोवर कामगारांच्या ग्रुपवर फिरला होता आणि मुख्य कार्यालयातूनही विचारणा आली. अहवाल देणं भाग पडलं. दुसऱ्या दिवशी दौलतकाका पॅनेलवर नव्हते. कंत्राटदाराने त्यांना 'चौकशी होईपर्यंत घरी बसा' असं सांगितलं होतं. कंत्राटी माणसाला घरी बसवलं की पुढे कुणी बोलावत नाही, दुसरा माणूस येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

साहेबांनी अहवालाचा मसुदा स्वतःच केला होता. कारण या रकान्यात लिहिलं होतं, 'पॅनेल ऑपरेटर दौलत यांनी संदिग्ध सूचना दिली.' आणि उपाययोजना या रकान्यात, 'यापुढे कामाच्या ठिकाणी सर्वांनी शुद्ध मराठीतच बोलावे.' खाली माझ्या सहीची जागा मोकळी होती.

मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, "सर, शुद्ध मराठीत म्हणजे?"

"अवं, लिहून टाक ना. काय बिघडते?"

"सर, पण तुम्ही आत्ता काय बोलून राहिले?"

हे माझ्या तोंडून निघून गेलं. साहेब हसले, त्यामुळे मी वाचले. म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत सही करून दे."

मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका बाईंनी वर्गात उभं करून 'करून राहिले' नाही, 'करत आहे' असं पाच वेळा म्हणायला लावलं होतं. तेव्हापासून मी जपून बोलते. ऑफिसात जपून बोलते, फोनवर जपून बोलते. घाईत मात्र आपलीच बोली तोंडात येते. म्हणून मला पहिल्यांदा असंच वाटलं की साहेबांचं बरोबर आहे, चूक आमच्या बोलण्यातच आहे. हे कबूल करायला लाज वाटते, पण ती अर्धी दुपार मी तसंच समजत होते.

मग मी साळुंख्यांचा जबाब घ्यायला गेले. ते नवे बूट घालून बसले होते. मी विचारलं, "तुम्ही आत कशामुळे गेलात?"

"बाई, तुम्ही हो म्हणाला, म्हणून पाय टाकला."

"आणि काकांचं बोलणं?"

"ते कुठं मला ऐकू आलं नीट? भोंग्यातनं नुसती खरखर. तुमचं ऐकलं की मी."

मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. साहेबांच्या मसुद्यात माझं नावच नव्हतं. दौलतकाकांचं होतं.

आम्हाला शिकवलं आहे की, काही घडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. आमच्याकडे 'का'ला काहून म्हणतात, म्हणून वर्गात आम्ही त्याला पाच काहूनचा नियम म्हणतो. मी साळुंख्यांसमोरच बसून वहीच्या मागच्या पानावर ते करायला लागले. साळुंखे आत काहून गेले? मी हो म्हटलं म्हणून. मी न पाहता हो काहून म्हटलं? पॅनेल दिसतच नाही, सगळा कारभार तोंडी. तोंडी काहून? कुलूप एकच आहे आणि ते पॅनेलवाल्याजवळ असतं; आत जाणाऱ्याजवळ काहीच नसतं.

इथे साळुंख्यांनी मला अडवलं. "आमच्या जुन्या प्लांटात आत जाणारा सोताचं कुलूप लावायचा. किल्ली खिशात. मग कोण काय बी बोलू दे, मशीन चालूच होत न्हाई."

पुस्तकात हे पूर्ण एक प्रकरण आहे. मी त्यावर बारापैकी अकरा मार्क मिळवले होते. आणि आमच्याच कारखान्यात ते नाही, हे मला फिटरने सांगावं लागलं.

चौथा काहून त्याहून वाईट होता. बेलरचं दार उघडलं की मशीन आपोआप थांबावी म्हणून दाराला एक छोटा स्विच असतो. ती थांबली काहून नाही? कारण तो स्विच तारेने बांधून ठेवलेला होता. बांधला काहून? कारण तो खराब झाला होता, दार बंद असतानाही मशीन थांबवायचा. नव्या स्विचच्या मागणीचा कागद भोयर साहेबांच्या टेबलावर पडून होता.

आणि ती तार मी पाहिली होती. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात मशीनला कुठे काय बांधलं आहे याची मी यादी केली होती, तेव्हा ती नव्हती. नंतर एक दिवस दिसली. मी साहेबांना तोंडी सांगितलं, ते 'मागवला आहे' म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसली. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती मला दिसेनाशी झाली. तार तिथेच होती, माझ्या डोळ्यांना तिची सवय झाली होती. माझ्या तपासणीच्या तक्त्यावर दारासमोर बरोबरची खूण आहे. माझ्याच हाताची.

घरी मी बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, काकांचं नाव काढायचं तर माझं घालावं लागते, साहेबांचंही घालावं लागते, आणि मला कायम करायचं की नाही ते साहेबच ठरवतात. बाबा खांद्याला तेल लावून घेत होते. म्हणाले, "तो बुढा खोटं बोलला का?"

"नाही."

"तू?"

"मीही नाही. पण…"

"मंग जे जे बोललं ते ते लिही. त्याच्यात भ्याचं काय?" मग खांदा चोळत म्हणाले, "भेव वाटतेच म्हणा. पण लिही."

मी नवा अहवाल लिहिला. काकांनी कोणते शब्द उच्चारले, मी कोणते, साळुंख्यांना काय वाटलं, हे तिन्ही तसंच लिहिलं. तार लिहिली. माझी चुकीची खूण लिहिली. मागणीचा कागद किती दिवस कुठे होता तेही लिहिलं. उपायात लिहिलं की माणसांना वेगळं बोलायला सांगणं हा सगळ्यात कच्चा उपाय आहे, कारण घाबरलेला माणूस त्याच्या आईच्या भाषेतच बोलतो. पक्का उपाय म्हणजे दाराचा स्विच आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप. कुणाच्या शब्दावर आत जायचं नाही. माझ्याही नाही.

साहेबांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. मग बसले आणि पुन्हा वाचलं.

"तुह्या कन्फर्मेशनचा कागद माह्याच टेबलावर आहे. माहीत आहे ना?"

"हो सर. त्याच्याच खाली स्विचचा आहे."

मी टोमणा मारला नव्हता. तो तिथे खरंच होता, त्याचा कोपरा मला दिसत होता. साहेबांनीही पाहिला. मग पेन घेऊन त्यांनी माझ्या अहवालातली मागणीच्या कागदाची ओळ खोडली आणि तिथे लिहिलं, 'स्विच उपलब्ध नव्हता.' म्हणाले, "बाकी पूरं राहू दे. दौलतचं नाव कारणातून काढलं तं काढलं, त्याले ड्यूटीवर घेऊ. एवढी एक ओळ मले दे."

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. मला फक्त काका दिसत होते, घरी बसलेले. मी "बरं" म्हटलं आणि सही केली. ती ओळ मी आजही चुकीची मानते. स्विच नव्हता हे खरं, पण तो का नव्हता हे त्या कागदावर नाही, आणि पुढे तो कागद वाचून कुणी काही शिकणार असेल तर नेमकं तेवढंच त्याला कळणार नाही.

स्विच आठ दिवसांत आला. कुलपं आली, लाल रंगाची, प्रत्येकावर नाव घातलेली. आता साळुंखे आत जातात तेव्हा कुणाला काही विचारत नाहीत. स्वतः पॅनेलपर्यंत चालत जातात, कुलूप लावतात, बटण दाबून मशीन खरंच चालू होत नाही ना हे पाहतात आणि किल्ली खिशात टाकून येतात. चार मिनिटं जास्त लागतात. त्या चार मिनिटांबद्दल दर महिन्याच्या बैठकीत कुणी ना कुणी बोलतंच. माझं प्रशिक्षण सहा महिन्यांनी वाढवलं. कारण 'अनुभव कमी' असं दिलं आहे, आणि ते काही खोटं नाही.

पण हे सगळं नंतरचं. अहवालावर सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दौलतकाकांना जबाबावर सही करायला बोलावलं होतं. गेटवाल्याने त्यांना आत सोडलं नाही, यादीत नाव नाही म्हणाला. म्हणून मीच कागद घेऊन बाहेर गेले. काका समोरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. धुतलेला शर्ट घातला होता, जसे कुठे पाहुण्याकडे निघाले असावेत.

"ये वं पोरी. काय म्हणते तुह्यी चौकशी?"

मी म्हटलं, "काका, संपली. उद्यापासून ड्यूटीवर या."

ते लगेच खूश झाले नाहीत. म्हणाले, "कंत्राटदार म्हणून राहिला होता का मह्यं बोलणं खराब आहे म्हणून झालं. अकरा वर्सं बोलून राहिलो, कोणाले काही झालं नाही. आता म्या बोलू कसा?"

"जसे बोलता तसेच बोला. आता सगळ्यांना कुलपं मिळणार आहेत."

"वाच मंग. काय लिहिलं मह्या नावानं?"

मी वाचलं. साळुंख्यांचा जबाब वाचला, माझा वाचला. मग त्यांचा वाचला: 'मला वॉकीटॉकीवर विचारले असता मी "बंद करून राहिलो" असे उत्तर दिले. त्या वेळी मी मशीन बंद करत होतो.'

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "'करून राहिलो'च लिहिलं? सुधरवलं नाही?"

"नाही काका."

त्यांनी कागद हातात घेतला, ती ओळ बोटाने शोधली आणि तिच्यावर बोट ठेवून थोडा वेळ बसले. मग पेन मागितलं. सही करायच्या आधी माझ्याकडे पाहून विचारलं, "अन् बाकी? जसं झालं तसंच आहे ना पूरं?"

मी म्हटलं, "तुमचं तसंच आहे, काका."

त्यांनी पेन उचललेलंच ठेवलं. दुसरं काही विचारतील असं मला वाटलं. मी सांगितलंही असतं, निदान असं मला वाटतं. पण त्यांनी नुसती मान हलवली आणि सावकाश, एकेक अक्षर काढत, सही केली.